डाव्या चाकाची पिन

श्रावणात चोर्ला घाट उतरताना समोर धुकं असतं, वर पाऊस असतो आणि आमच्या पिकअपच्या हौद्यात बेळगावची टनभर भाजी असते. त्या दिवशी गोव्यात केरीला घरी पोचलो नि दार उघडताच जळका वास आला. बाटलीतलं पाणी डाव्या पुढच्या चाकावर शिंपडलं, तर तापल्या तव्यावर पडावं तसं चर्र झालं. उजव्या चाकावरून ते नुसतं ओघळलं.

ब्रेकचे पॅड तर आठच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये नवे घातले होते. मला वाटलं, माल बोगस दिला. शेजारचे काका खाणीवर टिपर चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर टिपर विकला, पण गाडीचा आवाज आला की अजून कुंपणाशी येऊन उभे राहतात. त्यांनी चाकाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "पॅड न्हय रे, पिन धरल्या ती." म्हणजे पिन जाम झालीय.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दहा दिवसांवर होती. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या, सामानाच्या फेऱ्या ठरलेल्या, त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये अडकवून चालणार नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर रागही होता. म्हटलं, आता घरीच उघडू. म्हापशाहून पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड, ब्रेक क्लीनरचा डबा आणि ब्रेकसाठीच मिळतं ते सिलिकॉन ग्रीस आणलं. डिस्क, म्हणजे पॅड जिला चिमटतात ती चाकाबरोबर फिरणारी चकती, आणायच्या की नाही, ते उघडून बघितल्यावर ठरवायचं होतं.

पावसाने उघडीप दिलेल्या रविवारी अंगणात काम काढलं. आमचं अंगण मातीचं, म्हणून जॅकखाली फणसाची जाड फळी घातली. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल केले; उचलल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडीही हलते. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. उचललेली गाडी टेकवायचा स्टँड एकच होता म्हणून दुसऱ्या बाजूला चिरा ठेवायला निघालो, तर काका खेकसले. चिरा भिंतीत उभा ऐंशी वर्षं राहील, पण गाडीच्या टोकदार भाराखाली कधी फुटेल सांगता येत नाही. मग एका वेळी एकच चाक उघडायचं ठरलं. त्याचा आणखी एक फायदा झाला: कुठली क्लिप कशी बसते याची शंका आली की दुसऱ्या बाजूला जाऊन बघता यायचं.

पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्याचा खालचा बोल्ट काढला. कॅलिपर वर उचलला जायला हवा होता, तो हलेना. वरचाही बोल्ट काढून, हलवून हलवून बाहेर ओढला आणि तारेने स्प्रिंगला टांगला. रबरी नळीवर लोंबू दिला तर नळी आतून चिरते. पॅड हातात आले तेव्हा सगळी गोष्ट समोरच होती. बाहेरच्या पॅडवर सहा मिलिमीटर मसाला (घासणारा थर) शिल्लक, आणि आतला पार पत्र्यापर्यंत गेलेला.

आमच्या गाडीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला आहे. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच दाबाने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पाय काढल्यावर कॅलिपर याच पिनांवरून मोकळा होतो. पिन जाम झाली की बाहेरचा पॅड आळशी होतो, आतला सुटतच नाही, आणि घाटभर घासत राहतो. आमची खालची पिन पकडीने पिळून काढावी लागली. तिच्यावर पिवळं ग्रीस होतं, चाकांच्या बेअरिंगमध्ये भरतात तसलं, आणि टोकाचं रबर फुगून भिजलेल्या चण्यासारखं झालेलं. खनिज तेलाचं ग्रीस या रबराला चालत नाही. म्हणजे पॅड बोगस नव्हते. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी हाताला लागेल ते ग्रीस चोपडलं होतं.

रबराची नवी जोडी आणायला पुन्हा म्हापसा. तो अर्धा दिवस गेलाच. डिस्कही याच फेरीत आणाव्या लागल्या, कारण डाव्या डिस्कला नखाला लागतील असे चर पडले होते आणि व्हर्नियरने मोजली तर कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा कमी भरली. उजवी ठीक होती, तरी डिस्क जोडीनेच बदलायची. आमच्या गाडीत ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, वरून बसते. काही गाड्यांत बेअरिंगसकट हब काढावा लागतो. तशी असती तर मी या भानगडीत पडलोच नसतो. गोव्याच्या पावसाने ती हबला चिकटवून टाकली होती. गंज सोडवायचा स्प्रे मारून चहा घेतला, मग स्टडच्या मधल्या जागेत हातोड्याने ठोकत फिरवली, तेव्हा सुटली. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो क्लीनरने पुसून काढला.

पिना घासून कोरड्या केल्या, भोकं साफ केली आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला. ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर येते. वरची आणि खालची पिन सारखी नाही, अदलाबदल केली तर चालत नाही. पॅडचे कान जिथे सरकतात तिथेही बोटाने जरासं ग्रीस. मसाल्याला आणि डिस्कला मात्र बोटही लावायचं नाही.

नवा पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये ठेवून शिकंजा आवळत होतो, तेवढ्यात चुलतभाऊ ओरडला, "दादा, बॉनेटखालून गळतंय!" पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलची पातळी उतरते, आणि मी मागच्या महिन्यात ती पाहून वर ओतलं होतं. आता सगळं उलट वर आलं. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून बादलीभर पाणी ओतलं. तरी बॅटरीजवळचा रंग टवका जाऊन उडालाच.

सगळं बसवल्यावर पेडल दाबलं तर थेट तळाला गेलं. पोटात गोळा आला. काका शांतपणे म्हणाले, "मारत रहा." सात-आठ वेळा मारल्यावर ते वर येऊन कडक झालं. गाडी हलवण्याआधी हे केलं नसतं तर समोरच्या तुळशीपर्यंत ब्रेक लागले नसते. मग नवे पॅड डिस्कला जमून बसावेत म्हणून अंजुणे धरणाच्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असं पाहून, पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हळूहळू आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं दहा वेळा केलं. सुरुवातीला नव्या पॅडचा वास येतो, तो चालतो.

बुधवारी बेळगावहून टनभर माल घेऊन घाट उतरलो, दुसऱ्या गियरमध्ये. घरी येऊन दोन्ही चाकांवर पाणी शिंपडलं. दोन्हीकडे ते ओघळून गेलं. काका कुंपणाशी होतेच. त्यांनी पुढे पाहिलं, मग मागे, आणि विचारलं, "आणि मागचे ड्रम ब्रेक कधी उघडतोस?"