कर्ज फिटलं, हप्ता काही थांबेना

बेळगावातल्या अनगोळच्या घराचं कर्ज मी मुदतीच्या आधीच मिटवलं. व्याजदर बदलता असल्यामुळे लवकर फेडीचा दंड नव्हता. डीडी दिला, नो ड्यूज पत्र हातात पडलं, घरी पेढे आले. इथंपर्यंत तक्रार करावी असं काहीच घडलं नाही. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सकाळी मोबाइल वाजला आणि खात्यातून नेहमीसारखेच १४,३८० रुपये गेले.

पहिल्या खेपेला मी शांत होतो. हप्त्याची मागणी बँकेकडे आधीच गेलेली असते, त्यामुळे तारखेच्या तोंडावर कर्ज बंद केलं तर एखादा हप्ता कापला जाऊ शकतो, असं आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या अकाउंट्समधल्या पोरानं सांगितलं. येतील परत, म्हणून वाट बघितली. परत आले नाहीत. वर पुढच्या पाच तारखेला आणखी १४,३८० गेले.

मग गृहकर्ज कंपनीची शाखा गाठली. नाव घेत नाही, पण जिना चढताना अजूनही डोकं तापतं. काउंटरवरच्या पोरानं माझा कर्ज क्रमांक टाकला आणि म्हणाला, "क्लोज आगेद्री, सर."

"क्लोज झालंय ते मला ठाऊक आहे की. मग पैसे कोण घेतंय?"

"आमच्याकडे आलेच नाहीत, सर. क्लोज अकाउंटला पैसे येत नाहीत."

मी पासबुक पुढं केलं, त्यात कंपनीचं नाव छापलेलं. त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली, तिथं बाकी शून्य. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर सगळ्यात वाईट. बंद कर्जाचं पान त्याला उघडता येत होतं, पण त्यावर नवीन काही उमटत नव्हतं. माझे पैसे कंपनीत पोचले होते आणि कंपनीला ते दिसत नव्हते. "तुमच्या बँकेला विचारा," असा निकाल लागला.

बँकेत विचारलं. "कंपनीनं मागितले, आम्ही दिले. त्यांना विचारा." कंपनीचे मॅनेजर म्हणाले, हुबळीला मेल टाकतो. हुबळीवाले म्हणाले, हे मुंबईतून होतं. कॉल सेंटरला कन्नड, हिंदी, इंग्रजी यांतलं एक बटण दाबायचं आणि मग संगीत ऐकत बसायचं. तक्रारीचा नंबर मिळायचा आणि थोड्या वेळानं मेसेज यायचा: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, सेवेला किती तारे द्याल? पुढं कधीतरी कळलं की तक्रार कर्ज क्रमांकावर नोंदवायची, आणि तो क्रमांक बंद, म्हणून तक्रारही बंद होत होती. शाखेत पुन्हा गेलो की तोच पोरगा, तीच स्क्रीन, तेच शून्य, आणि वर "नाळे बर्री". उद्या गेलो तर मॅनेजर ट्रेनिंगला. चार लोकांत आवाज चढवला तेव्हा पाण्याचा ग्लास तेवढा मिळाला.

कोल्हापूरचे भावोजी फोनवर म्हणाले, "खातं रिकामं ठेवा की, काय कापतील?" ऐकायला बरं वाटतं, पण करू नका. हप्ता परत गेला की आपली बँक बाउन्सचा दंड लावते, आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमात असा हप्ता परत जाणं चेक बाउन्ससारखंच धरलंय. माझं देणंच उरलेलं नव्हतं म्हणून गुन्हा झाला नसता, पण ते सिद्ध करत कोण फिरणार?

गाठ सुटली ती माझ्याच बँकेतल्या एका मॅडममुळे. निपाणीच्या त्या. म्हणाल्या, "काका, कर्ज वेगळं आणि मँडेट वेगळं. तुम्ही कर्ज बंद केलात. पैसे काढायची परवानगी तशीच चालू आहे." कर्ज घेताना नॅकचा, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या यंत्रणेचा, एक फॉर्म भरून घेतात. त्यावर तेव्हा शेवटच्या तारखेच्या जागी 'रद्द होईपर्यंत' असा पर्याय असायचा. माझ्या फॉर्मवर एजंटनं तिथंच टिक केलेली होती, आणि रकमेची कमाल मर्यादा हप्त्यापेक्षा भरपूर वर. म्हणजे कंपनीच्या कर्ज विभागानं फाइल बंद केली, पण वसुलीचं काम बघणाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही.

त्यांनी स्टेटमेंट काढलं आणि नॅकच्या ओळीतला वीस अक्षरी-अंकी क्रमांक गोल करून दाखवला. त्याला यूएमआरएन म्हणतात. तक्रार करायची ती याच क्रमांकावर. कर्जाचा क्रमांक विसरा. तिथंच एका पानाचा अर्ज दिला, मँडेट रद्द करा म्हणून. पोच घेतली, शिक्का मारून. त्यानंतरच्या पाच तारखेला कंपनीनं पुन्हा मागणी टाकली आणि बँकेनं ती परत पाठवली. तो मेसेज वाचून मी चहा दोनदा घेतला. काही बँकांच्या अ‍ॅपमध्येही मँडेटची यादी दिसते, आधी तिथं बघा.

पुढची कापाकापी थांबली, गेलेले पैसे मात्र तिकडेच. यूएमआरएन, दोन्ही तारखा, स्टेटमेंट आणि नो ड्यूज पत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला. त्यांचा पत्ता वेबसाइटवर अगदी खाली बारीक अक्षरांत असतो. महिना उलटला तरी उत्तर नाही. लोक लगेच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं नाव घेतात. बँकेनं दिलेल्या कर्जाला ते चालतं, पण २०२१ च्या लोकपाल योजनेत गृहकर्ज कंपन्या नाहीत. त्यांच्यासाठी नॅशनल हाउसिंग बँकेचं 'ग्रिड्स' नावाचं पोर्टल आहे. तिथं तक्रार टाकल्यावर कंपनीतून पहिल्यांदा माणसाचा फोन आला, तोही चक्क मराठीत बोलणाऱ्या माणसाचा. दोन्ही हप्ते सस्पेन्स खात्यात पडून होते म्हणे. कुणाचे ते कळेना म्हणून. माझं नाव, माझा क्रमांक, माझा खातेनंबर असताना कळेना!

मधेच आठवलं म्हणून सांगतो, कर्ज घेताना सह्या करून दिलेले कोरे चेक परत मागून घ्या. मी मागितले तेव्हा तेही शाखेत शोधावे लागले.

घराची कागदपत्रं मात्र वेळेत आली. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशामुळे असावं: कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे, कर्ज देणाऱ्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे आणि गृहकर्ज कंपन्यांनाही आहे. कागद अडवून ठेवण्याला दंड आहे म्हणून कागद वेळेत येतात. हप्ता जास्त कापल्याबद्दल दिवसाचा असाच दंड असता तर त्या पोराची स्क्रीन तेव्हाच बोलायला लागली असती. कागद आल्यावर सब-रजिस्ट्रार कचेरीत बोजा कमी झाल्याची नोंद करून घ्या आणि कर्नाटक सरकारच्या कावेरी पोर्टलवरून ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला, काढून बघा. ईसी कन्नडमध्ये येते, वाचता येत नसेल तर शेजारच्या कुणाला दाखवा, पण बघा.

पैसे आले. बिनव्याजी. मी हप्ता उशिरा भरला असता तर यांनी दंडासकट घेतला असता, म्हणून त्या काळाचं व्याज मागितलंय. कंपनीचा मेल आलाय, रक्कम परत दिल्यामुळे तक्रार बंद करावी का? मी नाही म्हणून कळवलंय.