खांबापासून खांबापर्यंत आठ फूट दोन इंच

माणगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. तारीख 26 ऑगस्ट, 2025 सालची हरतालिका, माझा उपास. दुसऱ्या दिवशी सावर्ड्याजवळच्या आमच्या घरी गणपती बसायचे होते. गाडीत आम्ही सहा जण: मी, नवरा, नववीतली लेक, पाचवीतला मुलगा, डोंबिवलीचे भाऊजी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय बहात्तर, उजवा गुडघा दीड वर्षापूर्वी बदललेला. गाडी मी चालवत होते. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकलेला मला नंतर दिसला, आधी वास आला. तापलेल्या कूलंटचा तो गोडसर वास एकदा नाकात बसला की जात नाही.

पळत्या गाडीला समोरून वारा लागतो आणि रेडिएटर थंड राहतो. जाममध्ये गाडी उभी असली की सगळा भार पंख्यावर. पंख्याची मोटर गेली की पंधरा-वीस मिनिटांत खेळ संपतो. आमच्या पंख्याची मोटर त्या वर्षात दुसऱ्यांदा गेली होती.

रस्त्याकडेच्या एका घरातून एक बाई बाहेर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, आधी आईंसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, मग पाण्याची कळशी. "झाकणाला हात लावू नका एवढ्यात, दरवर्षी कुणीतरी भाजून घेतं इथं," म्हणाल्या. भाऊजी दुचाकीवर कुणाच्या तरी मागे बसून मेकॅनिक शोधायला गेले. जुनी मोटर मिळाली, ती बसवेपर्यंत साडेपाच वाजले. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. आईंचा गुडघा सुजून टम्म झाला होता आणि सकाळी प्रतिष्ठापनेला त्यांना पाटावर बसता आलं नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्या काही बोलल्या नाहीत. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की ही गाडी पुढच्या गणपतीला आपल्याकडे नसेल.

त्या गाडीवर माझा जीव होता, हेही लिहायला हवं. 2012 साली घेतली होती. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, आत सरळ उभं राहिल्यासारखी उंची. मुलं लहान असताना मागच्या सीटवर चादर टाकून झोपायची. पण काही वर्षांत कंपनीने ते मॉडेलच बंद केलं आणि मग पार्टसाठी वणवण सुरू झाली. दरवाजाचा रोलर गेला तर तो कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या सामानात शोधायचा. गेल्या दोन वर्षांत थर्मोस्टॅट, एसीचा कॉम्प्रेसर, क्लच, अल्टरनेटर सगळं झालं. आमचे मेकॅनिक काका भला माणूस. त्यांनीच शेवटी सांगितलं, "वहिनी, मी करत राहीन, पण तुम्ही लांब नेऊ नका." आणि लांब न्यायची नसेल तर मुंबईत आम्हाला गाडी लागते कशाला? आम्ही दोघंही रोज विक्रोळीहून लोकल पकडतो. गाडी हवी ती आईंच्या दवाखान्यासाठी, लग्नकार्यासाठी आणि कोकणासाठी.

म्हणून शोरूमला जाण्याआधी मी टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. कन्नमवार नगरातली आमची इमारत पुनर्विकासातली, पार्किंग खांबांमधलं. लेकीने टेपचं टोक खांबाला धरलं. रुंदी आठ फूट दोन इंच, म्हणजे 249 सेंटिमीटर. मागच्या भिंतीपासून पिवळ्या पट्ट्यापर्यंत पंधरा फूट, 457 सेंटिमीटर. पट्ट्याच्या पुढे सोसायटीची ये-जा. हे दोन आकडे मी फोनमध्ये लिहून ठेवले आणि पुढच्या महिनाभरात कुठल्याही सेल्समनच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त उपयोगी पडले.

नवऱ्याच्या मनात इनोव्हा होती. ज्याने ज्याने इनोव्हातून कोकण केलंय त्याच्या मनात तीच असते, आणि त्यात चूक काही नाही. 2005 पासून ती गाडी इथल्या रस्त्यांवर लाखो किलोमीटर पळताना आपण बघतोय. पण इनोव्हा क्रिस्टाची लांबी 473 सेंटिमीटरच्या वर. आमच्या पट्ट्याच्या बाहेर अर्धा फूट नाक काढून ती उभी राहिली असती. शिवाय नवी घेणं आमच्या खिशाच्या पलीकडचं होतं. ती डिझेलवरच मिळते आणि महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. त्यावर नवऱ्याने तोडगा काढला, जुनी बघू.

जुनी बघायला आम्ही ठाण्याला गेलो. रंग चकचकीत, सीट कव्हर नवी, इंजिन एका सेल्फमध्ये सुरू. नवरा खूश. मेकॅनिक काकांना सोबत नेलं होतं. ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. मधल्या सीटवर बसले आणि सीट बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत. बेल्टचा रोजच्या वापरातला भाग स्वच्छ काळा होता. शेवटचा हातभर, जो कायम आत गुंडाळलेला राहतो, त्यावर फिकट तपकिरी डाग होता आणि जिथे डाग संपला तिथे सरळ रेघ. काकांनी त्यावरून नख फिरवलं, नखात माती आली. मग त्यांनी पुढच्या सीटखाली हात घातला, सीटच्या पट्ट्यांना गंज. "ही गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे," एवढंच म्हणाले. विकणाऱ्याने ते आम्हाला सांगितलं नव्हतं. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. एका भरवसा नसलेल्या गाडीतून उतरून दुसऱ्या तशाच गाडीत बसायची माझी तयारी नव्हती. जुनी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने तो बेल्ट पूर्ण ओढून बघावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग नव्या गाड्या. सरकता दरवाजा मला हवाच होता, कारण खांबांमध्ये तोच सोयीचा. पण आज आपल्याकडे सरकता दरवाजा एक तर मारुतीच्या ईकोला आहे, नाहीतर एकदम साठ लाखांच्या आसपासच्या किया कार्निव्हलसारख्या महागड्या गाड्यांना. मधल्या सगळ्या गाड्यांना साधे दरवाजे. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं. ज्या देशात म्हातारी माणसं, बाळं आणि सामान घेऊन इतके लोक एकत्र फिरतात, तिथे मध्यम किमतीत सरकत्या दरवाजाची एखादी चांगली गाडी असायला हवी.

उरल्या तीन रांगांच्या तीन गाड्या: रेनोची ट्रायबर, मारुतीची एर्टिगा, कियाची कॅरेन्स. 22 सप्टेंबरपासून, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि हिशेब बदलला. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या पेट्रोल गाडीवर आता 18 टक्के, त्याहून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर 40. ट्रायबर 399 सेंटिमीटर आणि एक लिटरचं इंजिन, त्यामुळे ती 18 मध्ये. आमच्या खांबांमध्ये तर ती मोकळी उभी राहिली असती. तिच्या मागच्या दोन्ही सीट काढून घरी ठेवता येतात, ही फार हुशारीची रचना आहे. पण सहा माणसं, सामान, एसी चालू आणि समोर चढ, अशा वेळी 72 पीएसचं (म्हणजे साधारण तेवढ्याच अश्वशक्तीचं) इंजिन मला पुरेसं वाटेना. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या उड्डाणपुलावर पाच जण बसून चालवली तेव्हाच मला दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. चौघांच्या कुटुंबाला मी ती निःशंक सुचवेन.

टेस्ट ड्राइव्ह घेताना आम्ही एक नियम पाळला, त्याबद्दल सविस्तर सांगते. प्रत्येक शोरूमला आम्ही सगळे गेलो. आईंनाही नेलं, आणि गणपतीला नेतो त्या बॅगाही. दोन रेक्झिनच्या, एक ट्रॉली, लाडवांचा स्टीलचा डबा आणि मखराचा पुठ्ठ्याचा खोका. सेल्समन जरा गोंधळले, पण कुणी नाही म्हटलं नाही. आणि प्रत्येक गाडीत निदान पंधरा मिनिटं मी स्वतः शेवटच्या रांगेत बसले. माझी उंची पाच फूट चार इंच. शेवटच्या रांगेत सीट जमिनीलगत असते, गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही. तिथे सहा-सात तास कोण बसणार हे घरात आधी ठरलेलं बरं. आमच्याकडे मुलगा आणि भाऊजी आलटून पालटून बसणार.

आईंची परीक्षा वेगळी होती. गुडघा बदलल्यावर फिजिओथेरपिस्टने त्यांना शिकवलंय की गाडीकडे पाठ करायची, आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. त्यासाठी सीट साधारण खुर्चीच्या उंचीची हवी. उंच असली तर चढावं लागतं, खाली असली तर उठताना सगळा भार गुडघ्यावर. कॅरेन्समध्ये त्या बसल्या, छान वाटलं त्यांना. आत जागा प्रशस्त, वरच्या व्हेरियंटमध्ये बटण दाबलं की मधली सीट आपोआप दुमडते. मुलांनी तिथेच मत देऊन टाकलं. पण ती 454 सेंटिमीटर लांब आणि 180 रुंद. पट्ट्याच्या आत तीन सेंटिमीटर उरणार! कागदावर बसते, रोजच्या रोज बसवायची म्हटलं की जीव टांगणीला.

एर्टिगा 173 रुंद आणि 440च्या आसपास लांब. आई पाठ करून टेकल्या, पाय आत घेतले, दार लावून घेतलं आणि मग काही न बोलता परत उतरल्या. पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा उतरताना त्यांनी वरच्या हँडलला हात लावला नाही. "ही चालेल ग," म्हणाल्या. मी तिथेच मनात ठरवून टाकलं.

सामानाचं म्हणाल तर तिन्ही रांगा उभ्या असताना मागे 209 लिटर जागा, म्हणजे तीन बॅगा कशाबशा. पण शेवटची रांग अर्धी-अर्धी दुमडते. आम्ही सहा, त्यामुळे एक बाजू पाडली की मखराचा खोकाही आडवा मावतो. हे शोरूममध्येच भरून बघितलं.

सीएनजीवरून घरात दोन रात्री वाद झाला. सगळे सांगत होते, मुंबईत राहून पेट्रोल घेऊ नका. पण सीएनजीची टाकी बसते ती नेमकी मागच्या सामानाच्या जागेत. मी वहीत हिशेब मांडला. सीएनजीला साधारण 95 हजार जास्त. तेव्हा पेट्रोल लिटरला शंभरावर साडेतीन रुपये, गाडी चौदाची धावली तर किलोमीटरला सव्वासात-साडेसात रुपये. सीएनजी किलोला ऐंशी, वीसची धावली तर चार रुपये. आमचं वर्षाचं धावणं सहा-साडेसहा हजार किलोमीटर. वाचणार वर्षाला वीस-बावीस हजार, म्हणजे जास्तीचे पैसे फिटायलाच चार वर्षांच्या वर. रोज गाडीने ऑफिसला जाणाऱ्याचा हिशेब पूर्ण उलटा येईल, त्याने सीएनजीच घ्यावी. आम्ही पेट्रोल घेतली. गणपतीत गोवा हायवेवर पंपाच्या रांगेत आईंना बसवून ठेवायचं नाही, हेही होतंच.

विम्याचं एक. जुन्या गाडीवर आम्ही दुरुस्तीला एवढा पैसा घातला, पण बिघाड विम्यात धरत नाहीत, त्यामुळे क्लेम एकही नव्हता आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पूर्ण 50 टक्क्यांवर पोचला होता. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी काढताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियममध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात, तो मिळतो. शोरूममध्ये पहिल्या कोटेशनात तो धरलेलाच नव्हता, मी विचारल्यावर आला. त्यातून वाचलेल्या पैशांत इंजिन प्रोटेक्ट हे विम्याचं जादा कव्हर घेतलं. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि कुणी पुन्हा सेल्फ मारला तर इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही.

जुनी गाडी मला कुणाच्या गळ्यात मारायची नव्हती. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली, त्यांनी सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला, दिलं. गाडी टोइंगवर चढवली तेव्हा मुलगा गॅलरीतून खाली आला नाही. लेकीने डॅशबोर्डवरचा छोटा पितळी गणपती आधीच काढून घेतला होता, डिंकाचा गोल डाग तेवढा राहिला होता.

नवी गाडी 22 ऑक्टोबरला, पाडव्याला आली. खांबांमध्ये दार पूर्ण उघडत नाही, म्हणून गाडी आधी गेटबाहेर काढायची आणि मग आईंनी बसायचं, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

भाऊबीज उरकून गावी निघालो. माणगावच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. रस्त्याला गर्दी होती, तरी घर लगेच ओळखू आलं, दारात तीच प्लास्टिकची खुर्ची. आई स्वतः उतरल्या, चकल्यांचा आणि अनारशांचा डबा हातात घेऊन पायरी चढल्या. त्या बाईंनी आधी आईंच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"बदललीत होय," म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."