मुंबई ते कोची शिडाच्या बोटीने: जेटीवरची लाइट घेताना

डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेला उतरायला वारा झकास: पहाटे जमिनीवरून मतलई, दुपारनंतर वायव्येचा. मुंबई ते कोची साडेपाचशे-सहाशे सागरी मैल. मासेमारीच्या जाळ्यांची भीती रात्रीच. पण आम्हाला खरा त्रास दिला तो जेटीवरच्या लाइटने.

मरिना (शिडाच्या बोटींसाठी सोयींसह बांधलेला धक्का) म्हणावी अशी सोय या टापूत कोचीच्या बोळगट्टी बेटावर. एरवी मच्छीमार जेटी, नाहीतर कुणाची खासगी जेटी, आणि तिथे असेल ती लाइट. रत्नागिरीच्या खाली एका जेटीवर दुपारी मीटर लावला तर २३४ व्होल्ट. छान वाटलं. मग २००० वॉटची किटली लावली आणि आकडा २१४ वर आला. वायर फळ्यांखालून शंभरेक फूट ओढलेली, मध्ये टेपने गुंडाळलेला जोड, पंधरा अँपियरच्या प्लगची एक पिन तपकिरी पडलेली. संध्याकाळी शेजारच्या बर्फ कारखान्याची मोटर सुरू झाली आणि किटली न लावताच १८२! वायरमन शांतपणे म्हणाला, "बर्फाचा कॉम्प्रेसर लागला की एवढं पडतंच, दादा." मध्यरात्रीनंतर, सगळं गाव झोपल्यावर, तोच मीटर २५१ दाखवत होता.

म्हणून रिकाम्या सॉकेटचं व्होल्टेज मोजून काही कळत नाही, लोड लावूनच बघा. आकडा दहा-पंधरा व्होल्टपेक्षा जास्त पडला तर जोड किंवा वायर कमजोर आहे. पाच-दहा मिनिटांनी किटली बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावून पाहा. चटका बसला तर दुसरं सॉकेट मागा.

आम्ही जेटीच्या लाइटवर फक्त बॅटरी चार्जर चालवला. फ्रिज, दिवे, पंप सगळं १२ व्होल्टवर. चार्जरच्या पाटीवर ९० ते २६५ व्होल्ट असं काही लिहिलेलं असेल तर १८२ ला तो कुरकुरत नाही. नसेल तर आधी तेच बदला. एसी मात्र अशा लाइटवर लावू नका. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर उचलत नाही, नुसता करंट खात तापत राहतो. स्टॅबिलायझरवर माझा विश्वास नाही: तो आकडा वर आणतो, पण त्यासाठी त्याच मरतुकड्या वायरीतून जास्त करंट ओढतो. त्यापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर लाइट तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. आमचा १९५ ते २५० वर लावलेला होता, परत जोडायला तीन मिनिटांचा उशीर ठेवून. १९५ च्या खाली चार्जिंग थांबतं, ते सोलर भरून काढतं.

वरची मर्यादा विसरू नका. थ्री फेजचा (तीन जिवंत वायरींचा) न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटला तर ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढू शकतं.

बोट युरोपात बांधलेली असेल तर रंगांची खबरदारी घ्या. तिथे निळी वायर न्यूट्रल. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी या तिन्ही फेज आणि काळी न्यूट्रल. जेटीवर जुनं वायरिंग असेल तर रंग बघून जोडू नका, टेस्टर लावा. अर्थिंगही तपासा, आणि बोटीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) हवाच. जेटीला लाइट जोडलेली असताना आसपास पोहायला उतरू नका, गोड्या पाण्यात तर नाहीच.

स्वतःची ४ स्क्वेअर मिलिमीटरची २५ मीटर केबल न्या. पंधरा अँपियरचे दोन प्लग रत्नागिरीतही मिळतात, पण रविवारी दुकानं बंद असू शकतात.