सातपूर गांडूळखत आणि बाकीचे

माझ्या फोनमध्ये माणसं झाडांच्या नावाने सेव्ह आहेत. इंदिरानगर कढीपत्ता, सातपूर गांडूळखत, कॉलेज रोड जास्वंद, नाशिकरोड कमळ वगैरे. आमच्या नाशिकमध्ये गच्चीवरच्या बागेसाठी कोणीतरी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, ओळखीतून ओळख निघत माणसं जमत गेली, तेव्हा कोणाकडे काय मिळतं एवढंच माहिती होतं ना, मग नंबर तसेच सेव्ह केले. आता कोणाचं माहेर कुठलं, कोणाला कोणती डाळ बाधते इथपर्यंत सगळं ठाऊक आहे पण नावं बदलायचं मन होत नाही. घरी पाहुणे बसलेले असताना स्क्रीनवर "सातपूर गांडूळखत" असं झळकतं आणि मी लगबगीने उचलून "बोल रे" म्हणते, तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात.

झाडांबद्दल आता फार बोलणं होतच नाही. कधीतरी पिठ्या ढेकणाचा फोटो येतो, एक म्हणतो कडुनिंबाचं तेल मार, दुसरी म्हणते ती फांदीच छाटून टाक, संपलं. बाकी दिवसभर काय तर आज आमच्याकडे पाणीच आलं नाही, द्वारका चौकात ट्रॅफिक कितीय, मावशींनी परत दांडी मारली, भाजीला काय करू. थंडीत निफाडचा पारा किती खाली गेला ते पेपरवाल्यांच्या आधी आमच्याकडे येतं. आणि पावसाळ्यात एकच विषय, दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मारुतीची उंच मूर्ती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांमध्ये क्युसेकचे आकडे येतात, पण हजार क्युसेक म्हणजे नक्की किती पाणी हे कोणाच्या डोळ्यासमोर येतंय, नाशिककराचं माप मारुतीच्या अंगावर. गुडघा, कंबर, छाती, गळा. पंचवटी मोगरा लग्न होऊन पुण्याला गेली (नाव पंचवटी मोगराच आहे, तेही बदललेलं नाही) ती जुलै लागला की सकाळी उठून पहिलं विचारते, "मारुती कुठपर्यंत?" मग कोणीतरी ऑफिसला जाता जाता होळकर पुलाजवळ थांबून फोटो टाकतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती अख्खाच पाण्याखाली गेला होता, त्या दिवशी ती बिचारी पुण्यात बसून दर पाच मिनिटाला "आता?" "आता?" करत होती.

नवरा म्हणतो एवढं काय बोलता गं, त्यातलं कामाचं किती. कामाचं नसतंच हो. पण एका रात्री कढीपत्त्याचा मेसेज आला की मिस्टरांना डेंग्यू आहे, प्लेटलेट खूप खाली गेल्यात, डॉक्टर एसडीपी म्हणतायत. एसडीपी म्हणजे एकाच माणसाला मशीनला जोडून नुसत्या प्लेटलेट काढून घेतात, बाकीचं रक्त त्याला परत जातं, आणि ह्याला दीड-दोन तास सहज लागतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात म्हणून रक्तपेढीत रक्तासारखा साठा करून ठेवता येत नाही, माणूसच उभा करावा लागतो आणि तोही रात्री. सातपूर गांडूळखत लगेच म्हणाला मी निघतो, माझा ग्रुप सेम आहे. तर नाशिकरोडवरून कमळचा मेसेज, तू नको, तू काल डोकं दुखतंय म्हणून डिस्प्रिन घेतली होतीस. खरंच घेतली होती. आदल्या दिवशी त्या डोकेदुखीवर आम्ही सगळ्यांनी मिळून किती वेळ घालवला होता, चहा घे, झोप, चष्म्याचा नंबर तपास. डिस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिनच, त्याने प्लेटलेट काम करेनाशा होतात, तीन दिवस तरी तसा माणूस चालत नाही, आणि रक्तपेढीत जाऊन हे कळलं असतं तर तासभर फुकट गेला असता. मग अंबडला सेकंड शिफ्टवाला एकजण आहे त्याला सरळ फोन लावला, कारण तो किती वाजता सुटतो हेही सगळ्यांना पाठ, रोज सुटल्यावर कंपनीच्या गेटवरचा वडापाव फोटोसकट टाकतो. कढीपत्त्याच्या शेजारी राहणारीने पोरांना आपल्याकडे झोपायला नेलं, धाकट्याला दूध चालत नाही हे तिला सांगावं लागलं नाही. कोणी कोणाला काही विचारतच नव्हतं त्या रात्री, हेच मला भारी वाटलं.

एक मात्र मला अजिबात आवडत नाही, "काही लागलं तर नक्की सांग". म्हणजे ज्याच्या डोक्यावर संकट त्यानेच तहसीलमध्ये केल्यासारखा अर्ज करायचा, काय हवं, किती हवं, कधी हवं. मीही लिहिते ते, बोटं आपोआप टाइप करतात, पण त्यात दम नाही हे लिहितानाच कळत असतं. त्यापेक्षा "खाली आलेय, डबा घे" हे बरं.

जास्वंदचे वडील गेले तेव्हा ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, काळजी घे, आम्ही आहोत. ती काहीच बोलली नाही, आणि आम्हीही गप्प, द्वारकेचं ट्रॅफिकसुद्धा कोणी टाकेना. असे काही दिवस गेले आणि मखमलाबादच्या काकांनी भर दुपारी विचारलं, "अगं जास्वंदीवर मावा पडलाय, तू मागे काय मारलं होतंस?" मला तर घामच फुटला. मी त्यांना पर्सनलवर लिहिलं, काका अहो आत्ता नको ना. मी टाइप करेपर्यंत इकडे ग्रुपवर तिचं भलंमोठं उत्तर हजर. आधी पाण्याचा जोरात फवारा मारा, मग साबणाचं पाणी, पण पातळ, पानाच्या खालच्या बाजूने, उन्हात नाही, संध्याकाळी, आणि मुंग्या आहेत का बघा कारण मुंग्या असतील तर मावा परत येणारच. वर परत, काका फोटो टाका नीट दिसेल असा. मग फोटो आला, तिने तो मोठा करून कुठली फांदी काढायची त्यावर लाल गोल काढून पाठवला, गांडूळखतने मध्येच आपलं खत विकायचा प्रयत्न केला, तिने त्याला झापलं.

नंतर एकदा कॉलेज रोडला भेटलो तेव्हा म्हणाली, त्या दिवसात सगळे कशी आहेस विचारायचे, त्याचं मला उत्तरच येत नव्हतं गं. माव्याचं येत होतं.

मला वाटलं काकांनी मुद्दाम केलं असणार, मोठी माणसं असं करतात. तसं त्यांना एकदा विचारलंही. तर म्हणाले, "मुद्दाम कशाला, मावाच होता. दोन दिवस फवारलं, मग अवकाळी आला आणि सगळं धुऊन गेलं, परत पहिल्यापासून करावं लागलं."