शिंगराच्या जबड्यातली गाठ: आमचा अनुभव

आमच्या सोलापूरच्या तबेल्यात घोडीला झालेलं शिंगरू सात महिन्यांचं असताना त्याच्या खालच्या पुढच्या दातांखाली फुगवटा दिसला. हाताला दगडासारखा टणक, दाबला तरी शिंगरू तोंड काढून घेत नव्हतं. अकलूजच्या बाजारातले ओळखीचे म्हणाले, दात फुटतोय, जाईल. एकाने डाग द्यायला सांगितलं. पण घोड्याला दात फुटताना जबड्यावर गाठी येतात त्या साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात, त्याही दाढांखाली. ही तर पुढच्या दातांपाशी होती आणि वाढत होती. दोन दात सरकून वाकडे झाल्यावर अप्पांनी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला, मग गाठीचा छोटा तुकडा काढून फॉर्मॅलिनमध्ये तपासणीला पाठवला. तुकडा तपासल्याशिवाय चाकू लावायचा नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं, आणि ते मला मनापासून पटलं. रिपोर्ट आला, ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे आत हाड धरत जाणारी तंतुमय गाठ. ही गाठ बहुतेक वर्षाच्या आतल्या शिंगरांना, खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात होते. शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण तिथलं हाड पोखरत जाते आणि थोडी जरी राहिली तर पुन्हा वाढते. म्हणून नुसती खरवडून भागत नाही, भोवतीच्या चांगल्या हाडासकट काढावी लागते.

म्हणजे खालचे पुढचे सगळे दात जाणार. अप्पा गप्पच झाले. मग विचारलं, "डॉक्टर, मग हे खाणार कशानं?"

"ओठांनी आणि जिभेनं, अप्पा. दाढा शाबूत आहेत, चावायला त्याच लागतात."

पंढरपूर-फलटण-लोणंदमार्गे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, उपाशी ठेवणं, मग पूर्ण भूल. तोंड मोकळं राहावं म्हणून श्वासाची नळी नाकातून घातली होती. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथून तारेच्या करवतीने हाड कापलं. जबड्याच्या डाव्या-उजव्या बाजू जिथे जुळतात, त्या जोडाचा मागचा भाग शाबूत ठेवता आला. तो गेला असता तर दोन्ही बाजू हलत्या राहिल्या असत्या. रक्त बरंच गेलं. शेवटी ओठाच्या आतली कातडी ओढून हाडावर शिवली. काढलेला तुकडा पुन्हा तपासणीला गेला, आणि कडेला गाठीचा अंश नाही असं उत्तर आलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

घरी आल्यावर खरी मेहनत आईची. कोंड्याची पातळ पेज, भिजवलेला बारीक चारा, आणि प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुणं. टाक्यांत अडकलेल्या अन्नाचा वास आला की ती लगेच डॉक्टरांना फोन लावायची. लाळ खूप गळायची, जीभ थोडी बाहेर राहायची. जीभ अजूनही दिसते.

आता ते कुट्टी केलेला कडबा आणि लसूण घास ओठांनी उचलून व्यवस्थित खातं. जमिनीलगतचं आखूड गवत मात्र तोडता येत नाही, म्हणून चारा दावणीतच द्यावा लागतो. घोड्याचे दात वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि खालचे नसल्यामुळे वरचे झिजत नाहीत, त्यामुळे ते अधूनमधून कानशीने घासून घेतो. कडियाळ, म्हणजे तोंडात बसणारा लोखंडी लगाम, घालायचं नाही असं अप्पांनी ठरवलंय, सगळं शिकवणं नुसत्या म्होरकीवर चालू आहे.