दादा, तो पाईप ठेव खाली

ठाणेकराच्या हातात झाड दिलं की तो आधी पाणी घालतो आणि मग शेणखत कुठे मिळेल ते विचारत फिरतो. आमच्या घरात तर हे पिढीजात आहे, नौपाड्यातल्या आजोबांच्या गॅलरीपासून. माझा दादा आता अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हरच्या बाहेर राहतो, घराला पुढेमागे जागा आहे, आणि मधे त्याने आणि वहिनीने ठरवलं की पुढचं लॉन उखडायचं आणि तिथे कोलोराडोचीच झाडं लावायची. ठरवलं ते उत्तमच, पण हात ठाण्याचेच ना. पेनस्टेमन आणली, लांबट नळीसारखी फुलं येतात, हमिंगबर्ड येतात त्यावर, तर कौतुकाने खड्ड्यात कंपोस्ट भरलं आणि ऑफिसातून आला की पाईप सुरू. झाडं फोफावली, मग आडवी पडली, मग बुडाशी कुजली. व्हिडिओ कॉलवर मला दाखवत होता, "अगं, इतकं केलं तरी मेली." मी म्हटलं, इतकं केलंस म्हणूनच मेली.

डेन्व्हरचा पाऊस किती ते आधी बघा. वर्षाला साधारण १४-१५ इंच, तोही बर्फ वितळवून धरून, म्हणजे ३७० मिलीमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला होता, म्हणजे डेन्व्हरचा अडीच वर्षांचा पाऊस आपण एका दिवसात घेतला (आणि त्या रात्री कोण कुठे अडकलं होतं ते प्रत्येक ठाणेकर अजून सांगतो). मग तिथली मूळची झाडं एवढ्याशा पाण्यावर जगायला शिकलेली, माती खारवट-चिकण नाहीतर नुसती खडी, ऊन कडक कारण उंची ५,२८० फूट. त्यांना सुपीक माती दिली की ती वरवर वाढतात, मुळं खाली जातच नाहीत. लायट्रिससारख्या झाडाची मुळं तर माळरानावर माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी खोल जातात, ते काय रोज संध्याकाळी पाईप मिळाला तर जातील का?

अर्थात पहिल्या वर्षी पाणी लागतंच, नेटिव्ह झाड म्हणजे लावलं आणि विसरलं असं नाही. पण कमी वेळा आणि खोलवर, आणि मधे माती सुकू द्यायची. ती सुकू द्यायची हेच आपल्याला जमत नाही. दादा रोज मातीत बोट घालून बघायचा आणि कोरडी लागली की त्याचा जीव वरखाली.

आणि खरी गंमत थंडीची आहे. मला वाटायचं की थंडीने झाडं मरतात, म्हणून तिथे बागकाम अवघड. पण तिथल्या झाडांना थंडी चालतेच, काहींना तर ती हवीच असते. पेनस्टेमन, मिल्कवीड वगैरेंच्या बियांना काही आठवडे ओल्या गारव्यात ठेवल्याशिवाय नीट अंकुरच फुटत नाहीत, म्हणजे ऑक्टोबरच्या एखाद्या उबदार दिवशी उगवून लगेच बर्फात मरायला नको, अशी सोय त्या बीमधेच आहे. म्हणून लोक सरळ नोव्हेंबर-डिसेंबरमधे बिया पेरतात, दुधाचे प्लास्टिकचे मोठे कॅन मधून कापून, खाली भोकं पाडून, माती भरून बर्फात बाहेर ठेवून देतात. ज्यांना एवढा धीर नाही ते ओल्या वाळूत बिया मिसळून पिशवी फ्रिजमधे ठेवतात. वहिनीच्या फ्रिजमधे इडलीच्या पिठाशेजारी तीन पिशव्या होत्या आणि आईने, ती तेव्हा तिथेच होती, त्यातली एक जवळपास कचऱ्यात टाकलीच होती.

थंडीपेक्षा तिथे कोरडेपणाने जास्त झाडं जातात. हिवाळ्यात बर्फ पडला नाही आणि महिनाभर नुसतं ऊन आणि वारा असला तर नवी लावलेली झाडं, विशेषतः सदाहरित, उभ्या उभ्या वाळतात. तेव्हा महिन्यातून एकदा-दोनदा, चार अंशाच्या वर तापमान असलेल्या दिवशी, दुपारी पाणी द्यायचं. म्हणजे बघा, दादा पाईप घेऊन उभा होता जुलैमधे आणि त्याची खरी गरज होती जानेवारीत!

दुसरी गोष्ट आईला अजिबात पटली नाही. हिवाळ्यात ती बाग भयाण दिसते, सगळं तपकिरी, वाळक्या काड्या, आणि ते कापायचं नाही. बोंडांमधल्या बिया पक्षी खातात, पोकळ काड्यांमधे मधमाश्या घर करतात. कोलोराडोमधे मधमाश्यांच्या ९०० च्या वर देशी जाती आहेत, बहुतेक एकट्या राहणाऱ्या, पोळं वगैरे काही नाही. आई म्हणे, "शेजारी काय म्हणतील, खराटा फिरव एकदा." वसंत ऋतू येईपर्यंत खराटा फिरवायचा नाही हे तिला समजावताना दादाची जी दमछाक झाली तेवढी लॉन उखडतानाही झाली नसेल.

त्या बागेत मला ओळखीचंही बरंच भेटलं. गॅलार्डिया, म्हणजे आपला जांभळी नाक्यावर हारात मिळणारा गलांडा, तो मुळात अमेरिकेचाच, आणि त्याचा एक सख्खा भाऊ कोलोराडोच्या माळावर आपोआप उगवतो. मिल्कवीड आणि आपली रुई एकाच कुळातल्या, दोन्हींना तोच पांढरा चीक. तिथे मिल्कवीडवर मोनार्कच्या अळ्या, इथे रुईवर प्लेन टायगरच्या, आणि ही दोन्ही फुलपाखरं एकाच वंशातली. ठाण्यातल्या फुलपाखरांच्या बागेत, ओवळेकर वाडीत, रविवारी गेलात तर प्लेन टायगर सहज दिसेल, मोनार्क बघायला व्हिसा कशाला!

आता लॉनबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. डेन्व्हरकडे घरोघरी असतं ते केंटकी ब्लूग्रास, नाव केंटकी आणि मूळ युरोपचं, पाणी पिणारं. तिथल्या लोकांना हे कळून जमाना झाला. कमी पाण्याच्या बागेची झेरिस्केप नावाची चळवळ डेन्व्हरच्या पाणीखात्यानेच १९८१ मधे सुरू केली. २०२२ मधे राज्याने लॉन काढणाऱ्यांना पैसे द्यायचा कायदा केला, २०२४ च्या कायद्याने तर ऑफिसं-दुकानांसमोर नुसतं शोभेचं नवीन लॉन लावायला २०२६ पासून बंदी. दादाने लावलंय ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास, दोन्ही तिथलीच. उन्हाळ्यात महिन्यातून एक-दोनदा पाणी दिलं तरी भागतं, फक्त ती उशिरा हिरवी होतात आणि लवकर पिवळी पडतात, ते चालवून घ्यायचं. आणि पाण्याची किंमत तिथे अशी की २०१६ पर्यंत बहुतेक घरमालकांना छपराचं पाणी पिंपात धरायचीही परवानगी नव्हती, कारण ते पाणी नदीच्या खालच्या हक्कदारांचं! आता दोन पिंपं चालतात, मिळून ११० गॅलन, म्हणजे साधारण ४१५ लिटर.

आणि आम्ही घोडबंदर रोडला काय करतो? मे महिन्यात सोसायटीत टँकर येतो, लिफ्टमधे नोटीस लागते की पाणी जपून वापरा, आणि खाली माळी लॉनवर फवारा सोडून निवांत बसलेला. कोलोराडोत सहा महिने थंडीचे तसे आपल्याकडे आठ महिने कोरडे, आपली झाडंही त्या दिवसांत झोपतात. कळलावीचा वेल दिवाळीनंतर वाळून जातो, खाली कंद शाबूत, पावसात परत वर. तेरडा, कुर्डू, पिवळी तिळवण तर कंपाउंडच्या भेगेतूनही येतात. कुडा पानं टाकतो आणि मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरतो, त्याला कोणी टँकर लावलाय? पण आपल्याला जानेवारी ते मे सगळं हिरवंगार हवं, कारण बिल्डरच्या ब्रोशरमधे तसं होतं.

मी कमिटीला लेखी दिलंय की गेटपासून क्लबहाऊसपर्यंतच्या पट्ट्यातलं लॉन काढा, पहिला पाऊस झाला की तिथे करवंदाचं कुंपण आणि मधे कुडा लावू, रोपं नर्सरीतूनच, येऊरच्या जंगलातून उपटून नाही (ते नॅशनल पार्क आहे, हे सांगावं लागतं हो). कळलावी मुद्दामच यादीत नाही, ती विषारी आणि लहान मुलं तिथे खेळतात. सेक्रेटरीकाकांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, करवंदाला काटे असतात. मी म्हटलं असतात, नाहीतर करवंदं मुलांच्या आधी तुम्हीच संपवाल. ते हसले, पण विषय अजून अजेंड्यावर घेतलेला नाही, आणि जून काही कोणाच्या मीटिंगसाठी थांबत नाही, त्यामुळे या रविवारी परत जाणार आहे त्यांच्याकडे.