वाकडा पट्टा
काल पत्र्यावर रंगाची स्प्रे गन चालवली तर रंगाचा पट्टा सरळ पडेचना, केळ्यासारखा वाकडा. अंतर नेहमीचंच, १५-२० सेंटीमीटर. आधी उगाच रंगाला शिव्या घातल्या. मग एअर कॅप (गनच्या तोंडावरची हवेची टोपी) अर्धा फेरा फिरवली, तर वाकही उलट्या बाजूला! म्हणजे दोष कॅपचाच. रंग सोडणाऱ्या नोझलचा असता तर वाक जागचा हलला नसता. कॅपच्या दोन शिंगांतली (पुढे आलेल्या टोकांतली) हवा गोल फवाऱ्याला दोन्हीकडून दाबून चपटा पंखा करते. एका शिंगाचं भोक वाळल्या रंगानं बुजलं होतं. लाकडी टूथपिकनं मोकळं केलं (तार घालू नका, भोकाची वाट लागते). ट्रिगर थोडा ओढला की आधी नुसती हवा येते, पुढे ओढला की नोझलमधली सुई मागे सरून रंग सुटतो. त्या नुसत्या हवेनं मी पत्र्यावरची धूळही उडवून घेतो.